पक्षी-ओळख (घराभोवतीची)

घराच्या आसपास दिसलेला अनोळखी रानपक्षी कोणत्या जातीचा, हे त्याचा आकार, ठेवण, रंग, आवाज, वागणूक, जागा आणि ऋतू यांवरून ठरवण्याची रीत. नवशिके पहिल्यांदा रंग पाहतात आणि तिथेच फसतात. सावलीत बसलेला हिरवा पक्षी काळा दिसतो, उन्हात काळाही निळा चमकतो. उजेड बदलला तरी आकार आणि चोचीची घडण फारशी बदलत नाही, म्हणून जाणकार तिथून सुरुवात करतात.

आकारासाठी सेंटिमीटर काही कामाचे नाहीत. माप लागते ते ओळखीच्या पक्ष्यांचे. ‘चिमणीपेक्षा मोठा, बुलबुलापेक्षा लहान’, ‘साळुंकीएवढा, पण शेपटी लांब’ असे म्हटले की निम्मे काम होते. सलीम अली यांनी १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात हीच पद्धत वापरली. त्यांचे स्वतःचे पक्षिवेडही अशाच एका न ओळखलेल्या पक्ष्यापासून सुरू झाले. १९०८ च्या सुमारास लहानग्या सलीमने एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखेना, म्हणून तो ती घेऊन मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत (स्थापना १८८३) गेला. तिथले सचिव मिलार्ड यांनी ती पीतकंठी चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून ठेवलेल्या पक्ष्यांचा संग्रहही दाखवला.

अनोळखी वाटणारा पक्षी बहुतेक वेळा नवखा नसतोच. तो ओळखीच्याच पक्ष्याची मादी, पिल्लू किंवा हंगामाबाहेरचा नर निघतो. सगळ्यांत जास्त चकवते ती कोकिळा. नर काळाकुळकुळीत, मादी मात्र तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि शेपटीवर आडवे पट्टे. पिंपळावर फळे खाताना ती दिसली की ‘हा कुठला ससाणा?’ असा प्रश्न हमखास येतो. दोघांचेही डोळे लालभडक असतात, आणि ही खूण लांबूनही पटते. (कवितेत कोकिळा गाते, प्रत्यक्षात ‘कुहू’ नराचे, मादी नुसती ‘किक-किक-किक’ करते.) फुलांतला मध पिणाऱ्या चिमुकल्या शिंजीराची गंमत उलटी आहे. विणीच्या हंगामात जांभळा-निळा झळकणारा नर नंतर मादीसारखा मळकट-पिवळा होतो. हनुवटीपासून पोटाकडे उतरलेली एक काळपट रेघ तेवढी राहते.

कोकिळेच्या कुळातला पावशा दिसायला आणि उडायला शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यासारखा इतका, की तो आला की लहान पक्षीही कालवा करतात. अशा वेळी चोच पाहावी: शिक्र्याची आखूड आणि आकडेदार, पावशाची त्या मानाने सरळ. पावशा आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. त्यामुळे सातभाईंच्या कलकलाटात एखादे भलतेच पिल्लू तोंड उघडून मागे मागे फिरताना दिसले, तर ते बहुधा पावशाचे. गॅलरीच्या गजावर येऊन बसलेला निळा किंवा पिवळाधमक चिमुकला पोपट मात्र आपल्याकडचा रानपक्षी नाही. तो पिंजऱ्यातून सुटलेला बजरीगर, म्हणजे बाजारात ज्याला लव्हबर्ड म्हणतात तो.

आवाजाच्या बाबतीत मराठीने अर्धी ओळख नावातच करून ठेवली आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसुरी ‘टुक टुक’ करणारा तो तांबट. ‘टिटिव् टिटिव्’ करणारी टिटवी. पेरणीच्या तोंडावर ‘पेरते व्हा’ सांगणारा पावशा. पण गावोगावची नावे वेगळी असल्याने घोळही होतो. भारद्वाजालाच कुणी कुकुडकुंभा म्हणते, कुणी सोनकावळा, कुणी कुंभारकावळा. पक्ष्यांची वेगवेगळी नावे एकत्र देणाऱ्या मारुती चितमपल्ली यांच्या ‘पक्षिकोश’ची किंमत इथे कळते.

ऋतूची साक्षही महत्त्वाची. पावसाच्या तोंडावर मुंबई-पुण्याकडे इमारतीच्या आवारात, कधी जिन्यातही, एक आखूड शेपटीचा, हिरवा-निळा-बदामी आणि शेपटीखाली लालभडक पक्षी दमून बसलेला सापडतो. तो नवरंग. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून तो विणीसाठी उत्तरेकडे सरकत असतो. एरवी झाडीतल्या पालापाचोळ्यात वावरणारा हा पक्षी फरशीवर दिसला, की घरातल्या माणसांना तो परदेशी वाटतो.

अलीकडे मर्लिनसारखी मोबाइल ॲप फोटो किंवा आवाजावरून नाव सुचवतात. सुचवतात, ठरवत नाहीत: इतरांच्या नकला करणारा कोतवाल त्यांनाही फसवू शकतो. ॲपने सांगितलेला पक्षी त्या महिन्यात, त्या जिल्ह्यात असतो का, हे आपणच ताडून पाहावे लागते.

जमिनीवर पिसे फुटलेले पिल्लू सापडले, तर ते उडायला शिकत असण्याचीच शक्यता जास्त. आईबाप जवळच असतात. मांजर-कुत्रे नसेल तर त्याला तिथेच सोडावे, असले तर जवळच्या फांदीवर ठेवावे. जखमी किंवा दमलेल्या पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठिकाणी ठेवून महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. भारतीय रानपक्षी घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो पक्षी पोपट का असेना.