समुद्रात सापडला, म्हणून मासेखाऊ ठरला

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम रीजिसला दरवर्षी हिवाळी वादळांत कडे ढासळतात आणि चिखलातून जीवाश्म वर येतात. ते शोधून विकणे हा मेरी ॲनिंगचा चरितार्थ होता. डिसेंबर 1828 मध्ये तिला तिथे पंखवाल्या सरीसृपाचा सांगाडा मिळाला, पण कवटी नव्हती. जर्मनीबाहेर सापडलेला हा पहिला टेरोसॉर, म्हणजे डायनोसॉरांच्या काळातला उडणारा सरीसृप. भूशास्त्रज्ञ विल्यम बकलंडने पुढच्याच वर्षी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. कवट्या नंतर मिळाल्या आणि शरीररचनेचा अभ्यासक रिचर्ड ओवेनने त्याला डायमॉर्फोडॉन हे नाव दिले.

हा प्राणी पक्षी नव्हे आणि डायनोसॉरही नव्हे. सुमारे 19 कोटी वर्षांपूर्वीचा, पंख पसरल्यावर जेमतेम दीड मीटर भरणारा. त्याचा हात नीट पाहावा. तीन बोटे आखूड, त्यांना बळकट, वाकड्या नख्या. चौथे बोट मात्र अफाट वाढलेले, आणि पंखाचा पडदा ताणून धरायचा तो याच एका बोटाने. वटवाघळाच्या पंखात अनेक बोटे राबतात, पक्ष्याचा पंख पिसांचा. उडण्याची ही तिसरी, सर्वस्वी वेगळी युक्ती. जवळजवळ वीतभर लांबीचे डोके धडाच्या मानाने फारच मोठे, पण कवटीत एवढी मोठी भोके की हाडाच्या नुसत्या पातळ पट्ट्याच उरल्या होत्या. म्हणूनच एवढे डोके घेऊन त्याला उडता येई.

जबड्यात पुढे लांब सुळे, मागे बारीक दातांची रांग. हाडे समुद्रतळाच्या गाळात मिळाली, त्यामुळे तो लाटांवरून मासे टिपत असेल असे कित्येक वर्षे धरून चालले. हा तर्क मला आधीपासूनच कच्चा वाटतो. मेलेला प्राणी वाहत जाऊन कुठेही गाळात रुतू शकतो. भक्कम पाय आणि त्या नख्या पाहिल्या, तर झाडांवर किंवा कड्यांवर चढणाराच प्राणी डोळ्यांसमोर येतो.

मग दातच तपासले गेले. चावताना दातांवर सूक्ष्म ओरखडे उमटतात आणि भक्ष्य बदलले की ओरखड्यांची तऱ्हाही बदलते. मगरी, घोरपडी अशा आजच्या सरीसृपांच्या दातांशी टेरोसॉरच्या दातांची तुलना करणारा अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातून डायमॉर्फोडॉनचा कल मासळीकडे नव्हे, तर जमिनीवरच्या लहान पृष्ठवंशी प्राण्यांकडे दिसला. जोडीला कीटकही असावेत.