टोपी ओली असते तेव्हाच ऐकते

कळंगुटच्या किनाऱ्यावर घेतलेली गवती टोपी मी गेल्या पावसाळ्यात खुंटीला टांगली आणि विसरले. चवथीच्या साफसफाईत ती हाती लागली तेव्हा तिची कड सादळलेल्या पापडासारखी लोंबत होती आणि माथ्यावर खुंटीने टेंगूळ आणलं होतं. फेकण्याआधी एकदा दाखवावी म्हणून मडगावला एका आंटीकडे नेली. आंटी लग्नाचे फ्रॉक शिवतात आणि कार्निव्हालच्या दिवसांत बायकांच्या टोप्या करून देतात. त्यांनी टोपी उलटसुलट करून पाहिली आणि सरळ इडलीच्या भांड्याखाली गॅस पेटवला.

दोन मिनिटं टोपी वाफेवर धरली. मऊ पडल्यावर डोक्याच्या मापाच्या लाकडी ठोकळ्यावर ओढून बसवली, माथ्याभोवती नाडी आवळली, कड हाताने ताणून टाचण्या मारल्या आणि वर टेबलफॅन सोडला. मी घाईघाईने टाचण्या काढायला गेले तर हातावर चापट बसली. ‘‘ओलें आसता तेन्नाच तें आयकता,’’ आंटी म्हणाल्या. म्हणजे ओलं असताना ते ऐकतं. एकदा सुकलं की मग आपण त्याचं ऐकायचं. टोप्यांच्या धंद्यातलं निम्मं रसायनशास्त्र या वाक्यात आहे.

हा प्रयोग तुम्ही शाळेत असताना रोज केलेला आहे. न्हाऊन ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं की सकाळी केस लाटालाटांचे होतात. केस केराटिन या प्रथिनाचे असतात. त्याच्या लांबलचक साखळ्या शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. हे बंध एकेकटे फार कमजोर, पण संख्येने अफाट. पाण्याचे रेणू मध्ये घुसले की साखळ्या एकमेकींचा हात सोडून पाण्याचा धरतात आणि सरकायला मोकळ्या होतात. पाणी उडालं की जिथे असतील तिथे पुन्हा हात धरतात. वेणीत असतील तर वेणीतच. गवत, ताडपत्र, कापूस यांत केराटिन नसतं, सेल्युलोज असतं. पण बंधांची ही देवघेव तशीच चालते.

मग नुसतं पाणी शिंपडून का भागत नाही? कारण सोबत उष्णताही लागते, आणि ती पोचवण्यात वाफेचा हात धरणारं कोणी नाही. उकळतं पाणी शरीराच्या तापमानाला येईपर्यंत ग्रॅममागे साधारण ६३ कॅलरी उष्णता देतं. एक ग्रॅम वाफ मात्र नुसती पाणी होतानाच सुमारे ५४० कॅलरी सोडते. (वाफेने भाजलेलं जास्त का पोळतं, तेही यावरून कळेल.) शिवाय ती धाग्याच्या फटींत जाऊन थंड होते, म्हणजे ओल आणि ऊब एकाच जागी मिळते.

फेल्टच्या टोपीची गंमत आणखी निराळी. फेल्ट विणलेलं नसतं. तो आपल्याकडचा नमदाच. लोकरीच्या तंतूवर मुळाकडून टोकाकडे झुकलेले, कौलांसारखे खवले असतात. गवतातून चालताना साडीच्या काठात कुसळ शिरतं ते आठवा: ते पुढे सरकतं, मागे येत नाही. लोकर ओली करून, गरम करून चोळली की प्रत्येक तंतू असाच मुळाच्या दिशेने सरकतो, दुसऱ्यांत अडकतो आणि परत फिरू शकत नाही. थंड मुलखातल्या बायका चुकून लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात धुतात आणि तो बाहुलीच्या मापाचा होतो, तो याच कारणाने. टोपी करणारे हा अपघात मुद्दाम घडवतात. सुरुवातीचा विरविरीत शंकू टोपीपेक्षा कितीतरी मोठा असतो. तो आटवत आटवत दाट करतात आणि मग वाफ देऊन ठोकळ्यावर चढवतात.

उंची टोप्या सशाच्या किंवा बीव्हर या पाण्याकाठच्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या लवेच्या. सशाची लव आपणहून नीट गुंतत नाही, म्हणून कातडं पाऱ्याच्या नायट्रेटने माखत. त्याने तंतू खरबरीत होत आणि लवेची टोकं गाजरासारखी नारिंगी दिसत. इंग्रजीत या कामाला गाजरावरूनच नाव पडलं. पुढे तीच लव वाफेवर तापली की पाऱ्याची वाफ कारागिरांच्या छातीत जाई. हात थरथरत, दात हलत, माणूस बुजरा आणि चिडका होई. अमेरिकेतल्या डॅनबरी या टोप्यांच्या गावात त्या कंपाला गावाचंच नाव मिळालं होतं. तिथे पाऱ्याचा हा वापर १ डिसेंबर १९४१ पासून थांबला. तोवर हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे पर्याय हाताशी होते, आणि महायुद्धामुळे स्फोटकांच्या टोप्यांसाठी, म्हणजे स्फोट पेटवणाऱ्या छोट्या डब्यांसाठी, पारा हवा होता! डोक्यावरच्या टोपीपेक्षा काडतुसाच्या टोपीची निकड मोठी ठरली, असं मला तरी वाटतं.

आकार आला तरी ताठपणा वेगळा द्यावा लागतो. सुती साडीला आपण खळ घालतो, तशी गवती टोपीला खळ किंवा जिलेटिन. फेल्टला पूर्वापार लाख: सुतार पॉलिशला वापरतात तोच चपडा, भारतातल्या झाडांवरच्या किड्यांनी स्रवलेला. फॅन्सी टोप्यांच्या आत शिंप्याचं बकरम आणि कडेला तार असते. आंटींच्या कपाटात सिनामाय नावाचं जाळीदार कापड होतं. ते फिलिपिन्सच्या अबाका या झाडाचं. अबाका म्हणजे आपल्या केळीची सख्खी बहीण. तिच्या पानांच्या देठांतून दोरखंडाचा वाख निघतो आणि याच धाग्यांतून लग्नातल्या नाजूक टोप्याही होतात. कुळागरात केळी लावणाऱ्यांना हे सांगून पाहा, हसतील.

टोपीला कोकणीत ‘चेपें’ म्हणतात, तो पोर्तुगीज शब्दाचा अवशेष. शब्द इथे टिकला, टोपी टिकवणं मात्र कठीण. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पिऊनही हाताला कोरडी लागते. जुलैत गोव्याची हवा रात्रंदिवस ८५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेची. म्हणजे खुंटीवरच्या टोपीला चार महिने मंद वाफारा चालूच असतो. फक्त खाली ठोकळ्याऐवजी खुंटी असते आणि ती खुंटीचं ऐकते. वर खळ आणि जिलेटिन ही बुरशीची मेजवानी. आर्द्रता ६५ टक्क्यांखाली ठेवली तर बुरशी सहसा धरत नाही, पण आपल्याकडे त्यासाठी बंद डबा आणि सिलिका जेल हवं. डांबरगोळ्या कसर पळवतात, ओल नाही.

अर्ध्या तासाने आंटींनी टाचण्या काढल्या. कड सरळ झाली होती, टेंगूळ गेलं होतं. जवळून पाहिलं तर तिथे दोन काड्या तुटलेल्या दिसत होत्या. तुटलेल्याला वाफ काही करत नाही, म्हणून तिथे त्यांनी एक रिबीन फिरवली. पैसे घेतले नाहीत. आता टोपी आमच्या पत्र्याच्या पेटीत आहे, तोंड वर करून, आत चुरगाळलेल्या वर्तमानपत्रांचा गोळा कोंबून.