शेणकिड्याचा गोळा बिळात मावतो का?

‘शेणकिडा दिवसभर गोळा ढकलतो, पण शेवटी तो बिळात मावतच नाही,’ हा फॉरवर्ड सगळ्यांनी वाचलाय. ऐकायला पटतोही.

पण गोळा ढकलणाऱ्या किड्याचं तयार बीळ सहसा नसतंच. शेणावर भाऊगर्दी असते, म्हणून तो डोकं खाली, मागचे पाय गोळ्यावर ठेवून उलटा पळ काढतो. मऊ माती लागली की गोळ्याखालचीच माती उकरतो आणि गोळा हळूहळू खाली बसतो. मापाचा प्रश्न येतो कुठे? आत तो गोळा खातो, नाहीतर मादी त्यात अंडं घालते.

 

पावसाळ्यात गायरानात ताज्या शेणाजवळ अर्धा तास बसून पाहा.