स्टिअरिंग हलकं होतं तेव्हा

साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वरचा घाट लागतो. मी गाडी शिकले ती याच घाटात, मामाच्या जुन्या मारुती ८०० वर. त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. उभ्या गाडीत स्टिअरिंगचं चाक फिरवायचं तर खांद्यातून जोर लावावा लागायचा, आणि गाडी जरा सरकली की तेच चाक एकदम ऐकायला लागायचं. जुलै महिना होता. वळणावर डोंगरातून वाहून आलेली लाल माती पसरली होती. मी स्टिअरिंग इतकं आवळून धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी पडली होती.

मामा म्हणाला, "अगं, गळा दाबतेस का त्याचा? कासरा धरतात तसं धर. ओढू नको, सोडूही नको."

मी बोटं सैल केली. पुढच्या वळणावर चाकं त्या मातीवर आली आणि हातातलं ओझं क्षणभर कमी झालं. गाडी घसरली नव्हती, काचेतून काही वेगळं दिसलंही नव्हतं. मामाने नुसतं विचारलं, "कळलं?"

कळलं होतं. पण नेमकं काय कळलं आणि ते हातापर्यंत आलं कसं, हे समजायला पुढे टायरच्या विज्ञानात शिरावं लागलं. आज मला वाटतं, गाडी चालवण्याबद्दल कुणी मला शिकवलेली ती सगळ्यात मोलाची गोष्ट होती.

आधी गाडी रस्त्याला कुठे टेकते ते बघू. हजार किलोची गाडी धरा. एका चाकावर सरासरी अडीचशे किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल तर तिचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण सव्वादोन किलो होतो. भागाकार केला की उत्तर येतं ११० चौरस सेंटिमीटर, म्हणजे साडेदहा सेंटिमीटर बाजूचा चौकोन. जवळपास आपल्या तळहाताएवढा. गणित ढोबळ आहे, पण फार चुकीचं नाही. ब्रेक लागणं, वळणं, सगळं या चार तळहातांवर चालतं.

आता घरातला बुटाचा ब्रश घ्या. त्याचे केस टेबलावर टेकवा आणि ब्रश पुढे सरकवताना किंचित तिरका ओढा. केस आधी सरळ उभे असतात, मग एका बाजूला वाकतात. वळणावर टायरच्या रबराचं हेच होतं. चाकाचं तोंड एकीकडे असतं आणि गाडी प्रत्यक्षात त्याच्या दोन-चार अंश बाजूला जात असते. रबराचा प्रत्येक कण त्या तळहाताएवढ्या जागेत पुढच्या कडेने सरळ शिरतो आणि मागे जाता जाता अधिकाधिक वाकतो. टायरवर काम करणारे अभ्यासक या कल्पनेला खरोखरच 'ब्रश मॉडेल' म्हणतात.

कण मागच्या बाजूला जास्त वाकलेले असल्यामुळे रस्ता टायरला जो आडवा जोर लावतो, तो त्या जागेच्या मध्यावर पडत नाही. तो दोन-तीन सेंटिमीटर मागे पडतो. दाराला बिजागरीपासून लांब ढकललं की दार सहज फिरतं, तसाच हा जोर चाकाला पुन्हा सरळ करायला बघतो. स्टिअरिंगवर जे ओझं जाणवतं त्याचा मोठा भाग हाच असतो. वळण संपल्यावर हात सैल सोडला की स्टिअरिंग आपसूक सरळ होतं, त्यामागेही हेच आहे.

खरी गंमत पुढे आहे. वळण आणखी घट्ट केलं, वेग वाढवला, की मागच्या कडेचे सगळ्यात जास्त वाकलेले कण सर्वात आधी रस्ता सोडतात. पुढचे कण अजून धरून असतात. त्यामुळे टायरची एकूण पकड अजून वाढत असते, पण जोर पडण्याची जागा मागून मध्याकडे सरकते. दार आता बिजागरीजवळ ढकललं जातंय. परिणाम असा की टायर पूर्ण सुटण्याच्या आधीच स्टिअरिंगवरचं ओझं कमी व्हायला लागतं. टायरची पकड शिखरावर पोचण्यापूर्वी हाताला आलेलं ओझं आपलं शिखर ओलांडून उतरणीला लागलेलं असतं.

संक्रांतीला पतंग उडवलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. वारा पडला की पतंग खाली यायच्या आधी मांजा ढिला लागतो. नजर वर असते, पण बातमी बोटाला आधी येते.

हाताला आधी कळण्याचं दुसरं कारण आपल्या डोळ्यांच्या कामात आहे. १९९४ साली मायकेल लँड आणि डेव्हिड ली या ब्रिटनमधल्या दोन संशोधकांनी वळणाच्या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्यांची नजर नेमकी कुठे जाते ते मोजलं. नजर पुन्हापुन्हा वळणाच्या आतल्या कडेवरच्या एका बिंदूकडे जात होती, आणि तीही गाडी वळणात शिरण्याच्या एक-दोन सेकंद आधीपासून. ताशी ४० किलोमीटरने जाताना एक-दोन सेकंद म्हणजे ११ ते २२ मीटर. डोळे इतके पुढचं वाचत असतात. चाकाखाली आत्ता काय आहे, हे सांगायला मागे उरतात हात, कान आणि सीटला टेकलेली पाठ.

हातांची त्यासाठी तयारीही चांगली आहे. तळव्याच्या त्वचेत मायस्नर कणिका असतात, त्या सेकंदाला १० ते ५० वेळा होणारी थरथर उत्तम टिपतात. खोलवर पॅचिनियन कणिका असतात, त्यांना सेकंदाला दोनशे-तीनशे वेळा होणारी बारीक कंपनं लागतात, खडबडीत डांबराची असतात तशी. आणि किती जोर लावावा लागतोय हे स्नायू आणि स्नायुबंधांमधले संवेदक सांगतात. ताशी ९० च्या आसपास स्टिअरिंग थरथरायला लागलं की गॅरेजवाला लगेच म्हणतो, "पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या." लहान गाडीच्या चाकाचा घेर पावणेदोन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे त्या वेगाला चाक सेकंदाला सुमारे १४ फेऱ्या मारतं. चाकाच्या एका बाजूला काही ग्रॅम जास्त असले तर सेकंदाला १४ धक्के बसतात, आणि मायस्नर कणिका ते सहज पकडतात.

रस्त्याची ही बातमी टायरपासून तळहातापर्यंत येताना बऱ्याच हातांतून जाते. बॉल जॉइंट, टाय रॉड, रॅक (चाकांना डावी-उजवीकडे वळवणारी दातेरी पट्टी), पिनियन, स्टिअरिंगचा दांडा, मध्ये रबरी बुश. प्रत्येक ठिकाणी थोडं घर्षण, थोडी लवचीकता. शिवाय स्टिअरिंग साधारण पंधरा अंश फिरवावं तेव्हा चाक एक अंश वळतं, त्यामुळे जोरही त्याच प्रमाणात कमी होऊन हाताशी येतो. आणि मग येते मदतीची यंत्रणा.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी इंजिनिअरने १९२० च्या दशकात तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टिअरिंग तयार केलं. पण विकायच्या मोटारीत ते आलं १९५१ साली, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये. या रचनेत स्टिअरिंगच्या दांड्यात पेन्सिलीच्या जाडीची एक पोलादी सळी असते. आपण स्टिअरिंग फिरवलं की ती किंचित पिळली जाते आणि पिळाच्या प्रमाणात झडप उघडून तेल मदतीला धावतं. तेलाचा पंप मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर सतत फिरत राहतो, सरळ रस्त्यावर मदत नको असतानाही. १९८८ मध्ये सुझुकीने सर्व्हो या छोट्या गाडीत विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग आणलं. मोटर लागेल तेव्हाच काम करते, इंधन वाचतं. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांमध्ये हेच असतं. सळी इथेही आहे, फक्त तिचा पीळ आता सेन्सर मोजतो आणि किती मदत करायची ते संगणक ठरवतो.

ही मदत मला हवी आहे. अरुंद गल्लीत त्या ८०० ला मागेपुढे करून पार्क करताना दुखलेले खांदे मला आठवतात, आणि माझी आई साठीनंतर आरामात गाडी चालवू शकते ती याच मोटरमुळे. तरी एक नुकसान झालंय हे मान्य करायला हवं. हातावर ओझं वाढेल तशी मदतही वाढेल, असाच हिशेब संगणकात घातलेला असतो. म्हणजे वळणावर, जिथे टायर सर्वात महत्त्वाचं काही सांगत असतो, तिथेच मोटर सर्वात जास्त काम स्वतःवर घेते. ओझं घटण्याची ती खूण पातळ होऊन पोचते. मोटर आणि तिच्या दात्यांचं घर्षण बारीक कंपनं आणखी गिळतं.

यावर उपाय म्हणून अनेक गाड्यांत 'स्पोर्ट'चं बटण दिलेलं असतं. ते दाबलं की स्टिअरिंग जड होतं. शोरूममध्ये हे आवडतं, मलाही पहिल्यांदा आवडलं होतं. पण जड स्टिअरिंग बोलकं असेलच असं नाही. जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिलं होतं की आपल्याला फरक जाणवतो तो मूळ ओझ्याच्या प्रमाणात. हातात एक किलो असेल तर शंभर ग्रॅम कमी झालेले कळतात. दहा किलो असतील तर तेच शंभर ग्रॅम गेल्याचा पत्ता लागत नाही. टायरची बातमी तेवढीच ठेवून वर नुसतं ओझं लादलं, तर ती उलट जास्त दडते. म्हणून गाडी घेताना स्टिअरिंग किती जड आहे ते बघण्यापेक्षा, वळणावर ते बदलतं का, हे बघावं. मोकळ्या मैदानात मध्यम वेगाने गोल फिरवून पाहिलं तरी अंदाज येतो.

पुढच्या चाकांची भूमितीही इथे आड येऊ शकते. मॉलमधल्या ट्रॉलीची पुढची चाकं आपल्या खिळ्याच्या मागे फरफटत येतात आणि म्हणून आपोआप सरळ राहतात. गाडीतही चाक वळण्याचा अक्ष काही अंश मागे कललेला असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. त्याने सरळ रस्त्यावर गाडी शांत राहते. पण कॅस्टर फार ठेवला तर स्टिअरिंग कायम एकाच जोराने मधोमध यायला बघतं आणि टायरचा बारीक आवाज त्यात बुडून जातो.

पावसाळ्यात या हलकेपणाचा अर्थ जीवावरचा असतो. रस्त्यावर पाण्याचा थर असला आणि वेग जास्त असला की टायरला पाणी बाजूला सारायला वेळ मिळत नाही. पाण्याची पाचर टायरखाली शिरते आणि टायर तिच्यावर तरंगतो. १९६० च्या दशकात नासाच्या संशोधकांनी विमानांच्या टायरवर प्रयोग करून यासाठी एक सोपं सूत्र काढलं. टायरमधल्या हवेच्या पीएसआयचं वर्गमूळ घ्यायचं आणि नऊने गुणायचं, की तरंगण्याचा वेग नॉटमध्ये मिळतो (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर). ३२ पीएसआयला तो ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो. हवा २४ वर उतरली असेल तर ८२. मोटारीसाठी हा अंदाजच आहे, झिजलेल्या टायरवर हे याहून आधीही घडू शकतं. पण मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर घाट सोडला तर मोटारींची वेगमर्यादा ताशी १०० आहे, हे लक्षात घेतलं की मुसळधार पावसात तिथे तोच वेग ठेवणाऱ्यांना बघून माझ्या पोटात गोळा येतो. त्या क्षणी स्टिअरिंग रिकामं लागतं, जणू कशाला जोडलेलंच नाही. तेव्हा ब्रेकवर उभं राहायचं नाही, स्टिअरिंग फिरवायचंही नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय हळू उचलायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ओझं परत यायची वाट बघायची.

हातांबद्दल बोलताना डॅशबोर्डवरची बटणंही आलीच. २०२२ मध्ये स्वीडनमधल्या एका वाहन मासिकाने ताशी ११० किलोमीटरने गाड्या पळवत चालकांना एसी, रेडिओ, डॅशबोर्डचा उजेड अशी चार साधी कामं करायला सांगितली. चालकांना गाड्यांची आधी सवय करू दिली होती. १७ वर्षं जुन्या, बटणांच्या व्होल्व्होने ही कामं होईपर्यंत ३०६ मीटर अंतर कापलं. सर्वात मागे पडलेल्या टचस्क्रीनच्या गाडीने १,३७२ मीटर. बटणाला कड असते, खाच असते, दाबल्यावर टक् होतं, म्हणून बोट न बघता तिथे पोचतं. काचेवर बोटाला काही सापडत नाही, डोळेच लागतात. युरोपातल्या सुरक्षा-चाचण्या करणाऱ्या युरो एनकॅप संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आणीबाणीचा कॉल यांना हाताला लागणारी बटणं वा दांडे असावेत, असा आग्रह धरला आहे. हे फार आधी व्हायला हवं होतं.

स्टिअरिंगच्या बाबतीत मात्र आता दांडाच जातो आहे. २०१३ च्या इन्फिनिटी क्यू५० मध्ये हाताची खूण चाकांपर्यंत तारेतून जात होती. बिघाड झाला तर जुना दांडा जोडून घेणारा क्लच तेवढा राखून ठेवला होता. २०२३ मध्ये आलेल्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तोही नाही. अशा गाडीत तळहाताला जे काही लागतं ते सगळं एका छोट्या मोटरने निर्माण केलेलं असतं. खड्ड्याचे हिसके गाळून टाकता येतात आणि ते बरंच आहे. पण मागच्या कडेचं रबर सुटायला लागलं हे रॅकवरच्या जोरावरून संगणकाला कळू शकतं, आणि ते हाताला किती सांगायचं हे आता कुणीतरी बसून ठरवतं. ती खूण पुसून टाकता येईल. वाढवताही येईल. मामाच्या ८०० मध्ये मला जेमतेम जाणवलेला तो हलकेपणा, नव्याने शिकणाऱ्या मुलीच्या घट्ट आवळलेल्या मुठीलाही कळेल इतका ठळक करता येईल.