चित्रटिपणे : बालपुस्तक परिषदांतील

भाषण, चर्चा किंवा कार्यशाळा चालू असतानाच शब्द आणि चित्रे एकत्र वापरून घेतलेली नोंद म्हणजे चित्रटिपण. मुलांच्या पुस्तकांच्या परिषदांत ही टिपणे हमखास दिसतात, कारण तिथल्या श्रोत्यांत चित्रकार बरेच असतात आणि हात स्वस्थ ठेवून नुसते ऐकत बसणे त्यांना सहसा जमत नाही. मांडीवर वही, हातात एकच पेन, नजर कधी व्यासपीठावर तर कधी कागदावर. तासाभराने जोडपानावर वक्त्याचा चेहरा, चार-सहा वाक्ये, काही बाण, बोलण्याचे फुगे आणि एखादा प्राणी उरतो. ‘स्केचनोट’ हा शब्दही यासाठी वापरला जातो.

मराठीतले ‘टिपणे’ हे क्रियापद इथे कामाला येते. टिपकागद शाई टिपतो तेव्हा समोर येईल ते शोषून घेतो; पाखरू दाणे टिपते तेव्हा निवडून घेते. चित्रटिपण पाखराच्या जातीचे. यामागे कलेपेक्षा आधी साधा हिशेब आहे. व्यासपीठावरचा माणूस मिनिटाला साधारण १२० ते १५० शब्द बोलतो, तर हाताने लिहिण्याचा नेहमीचा वेग २०-२५ शब्दांच्या आसपास असतो. म्हणजे सहा शब्दांतले पाच सुटणारच. लघुलेखनाने हे अंतर वेग वाढवून भरून काढले. चित्रकार ते भरून काढायच्या फंदात पडत नाही. पाच शब्द सोडून देतो आणि सहाव्यासाठी नीट जागा करतो.

पूर्वपीठिका

विचार करताना वहीत चित्र काढण्याची सवय जुनीच आहे. चार्ल्स डार्विनने १८३७ मध्ये आपल्या वहीत सजीवांच्या नात्यांचे फांद्या फुटलेले एक झाड काढले आणि त्याच्या वर ‘मला वाटते’ एवढेच लिहिले. पण ते स्वतःच्या विचाराचे चित्र. दुसऱ्याचे बोलणे ऐकता ऐकता चित्रात उतरवण्याची रीत वेगळी, आणि तिचा आधुनिक उगम पुस्तकांच्या जगात झालेला नाही. १९७० च्या दशकात सॅन फ्रान्सिस्को परिसरात बैठकांचे सूत्रसंचालन करणाऱ्यांनी भिंतीवर कागदाच्या लांब पट्ट्या लावून चर्चा सगळ्यांसमोर रेखाटायला सुरुवात केली. डेव्हिड सिबेट हे त्यातले ठळक नाव. त्यांनी १९७७ मध्ये याच कामासाठी संस्था काढली. वहीतल्या टिपणांना ‘स्केचनोट’ हे नाव मिळाले ते अमेरिकन डिझायनर माइक रोडी यांच्यामुळे. पानेच्या पाने भरणाऱ्या तपशीलवार नोंदींना ते कंटाळले होते. २००७ च्या जानेवारीत शिकागोतल्या एका परिषदेला जाताना त्यांनी खिशात मावेल अशी छोटी वही आणि पेन घेतले: जागाच कमी, त्यामुळे निवड करणे भाग. २०१२ मध्ये या पद्धतीवरचे त्यांचे पुस्तक आले आणि शब्द रूढ झाला.

भिंतीवरची नोंद आणि वहीतले टिपण यांत गल्लत करू नये. भिंतीवर रेखाटणारा मोबदला घेऊन काम करतो. त्याचा कागद सगळ्या सभागृहाला दिसतो, त्यामुळे प्रत्येक वक्त्याला सारखी जागा देणे त्याला भाग असते. वहीतल्या टिपणाचा पहिला वाचक ते काढणाराच. त्याला एखादा अख्खा परिसंवाद एका ओळीत उडवण्याची आणि सहज निघालेल्या एका किश्श्याला पाऊण पान देण्याची मुभा असते. पक्षपात हा या प्रकाराचा दोष म्हणता येत नाही. तो तिथे गृहीतच धरलेला असतो.

परिषदा आणि त्यांतले चित्रकार

इटलीतील बोलोन्याचा बालपुस्तक मेळा १९६४ पासून भरतो आणि १९६७ पासून तिथे चित्रकारांचे प्रदर्शन असते. मेळा मूळचा पुस्तके छापण्याच्या व भाषांतराच्या हक्कांच्या खरेदी-विक्रीचा, पण बगलेत चित्रांची फाइल धरून प्रकाशकांच्या दालनांसमोर रांगा लावणारे चित्रकार हे त्याचे तितकेच ओळखीचे दृश्य. रांगेत उभ्या उभ्याही वही उघडी असतेच. जर्मन पत्रकार व लेखिका जेला लेपमान यांच्या पुढाकाराने १९५३ मध्ये झ्युरिक येथे स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय बालपुस्तक मंडळाची परिषद दर दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत होते. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेली बालपुस्तकांचे लेखक व चित्रकार यांची संस्था लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील परिषदांसाठी ओळखली जाते. लेखक, संपादक, कलासंपादक आणि चित्रकार अशा परिषदांत एकाच छपराखाली येतात, आणि वहीत काय टिपायचे हे त्या सरमिसळीवर ठरते. कलासंपादक ‘मला पात्राचे हात पाहायचे असतात’ असे म्हणाला की चित्रकारांच्या रांगेत पेने हलतात, लेखकांच्या रांगेत फारशी हलत नाहीत.

एक जोडपान

पाऊण तासाच्या भाषणाचे टिपण बहुधा वक्त्यापासून सुरू होते. पहिली चार-पाच मिनिटे आभार आणि विनोद यांत जातात, तेवढ्यात चित्रकार माणूस उतरवून घेतो. हुबेहूब चेहऱ्यापेक्षा ढब महत्त्वाची: चष्मा कपाळावर चढवण्याची लकब, माइक दोन्ही हातांनी धरणे, बोलताना एका पायावर भार टाकणे. हे चित्र शोभेपुरते नसते. वर्षभराने पान उघडले की आधी माणूस ओळखू येतो, मग आवाज आठवतो आणि त्या आवाजातली वाक्ये. नुसत्या नावाने हे सहसा साधत नाही.

मथळ्याची जागा वर रिकामी सोडतात. भाषण नेमके कशाबद्दल होते ते शेवटीच कळते. कार्यक्रमपत्रिकेतला विषय आणि प्रत्यक्ष बोलणे यांची गाठ पडतेच असे नाही. मधले पान पायवाटेसारखे वळत भरते, कारण वक्ता पुढे किती मुद्दे मांडणार हे कोणालाच माहीत नसते. पेन्सिलीने आखणी करून वर शाई फिरवण्याइतका वेळ मिळत नाही, म्हणून पहिलीच रेघ शाईची. खोडरबर पिशवीतच राहते. चुकलेल्या रेघेचे ढग, केस किंवा झुडूप करण्यात हे लोक तरबेज असतात.

रंगांची अडचण सभागृहात नसलेल्याच्या लक्षात येणार नाही. पडद्यावर चित्रे दाखवायची म्हणून दिवे मंद होतात आणि अंधारात तपकिरी व जांभळा सारखाच दिसतो. म्हणून सरावलेला माणूस पाण्याने न पसरणाऱ्या शाईचे काळे पेन, एक करडा ब्रशपेन आणि फार तर एखादा भडक रंग घेऊन बसतो. करड्याने सावल्या, भडक रंगाने न विसरण्याची एकच गोष्ट. बाकी रंग चहाच्या सुट्टीत किंवा रात्री खोलीवर. डावखुऱ्यांनी ओली शाई तळहाताने पुसली जाऊ नये म्हणून पान उजवीकडून भरत आणण्याची युक्ती काढलेली असते.

पुस्तकाच्या रचनेबद्दल बोलणे निघाले की चित्रकारांकडे लघुरूप तयारच असते. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचे, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्यावर पाने आठ-सोळाच्या पटीत पडतात. नवे पुस्तक आखताना ही पाने नखाएवढ्या चौकोनांत मांडून पाहायची सवय असल्यामुळे वक्त्याने आपल्या गोष्टीचा चढ-उतार सांगायला घेतला की वहीत चौकोनांची ओळ उमटते आणि त्यात नुसते ठिपके व रेघा: पात्र इथे लहान, इथे पानभर, इथे पान कोरे. तोच भाग शब्दांत लिहायचा तर दोन परिच्छेद लागतील.

चित्र आणि शब्द यांची वाटणी

या चित्रकारांच्या टिपणांचे वेगळेपण चांगल्या रेषेत शोधू नये; चांगली रेषा इतर क्षेत्रांतही सापडते. चित्रपुस्तकात चित्राने मजकुराची री ओढायची नसते. ‘पाऊस पडत होता’ असे वाक्य असेल तर चित्राने त्या पावसात छत्री विसरलेला माणूस दाखवावा. हाच शिरस्ता ते वहीत आणतात.

समजा, पान उलटण्याआधी वाचकाला पुढच्या पानाची ओढ लागली पाहिजे, असे वक्त्याने सांगितले. सामान्य टिपणात हे वाक्य येते आणि शेजारी उघड्या पुस्तकाचे चित्र. ते चित्र झाकले तरी काही बिघडत नाही. आता दुसरे पान पाहा: उजव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यातून एक शेपूट कागदाबाहेर निघून गेलेले, बाजूला बारीक अक्षरात ‘कोणाचे?’. पान उलटले की मागे भलताच प्राणी. इथे वक्त्याचे वाक्य कुठेच लिहिलेले नाही, तरी ते पुसून जाणार नाही, कारण टिपण पाहणाऱ्याच्या बाबतीत ते प्रत्यक्ष घडले आहे.

सगळी पाने अशी नसतात, हेही खरे. कल्पना म्हटली की विजेचा दिवा, यश म्हटले की शिडी, प्रेम म्हटले की बदाम हा ठरीव साचा चित्रकारांच्या वह्यांतही सापडतो, आणि पुस्तकात असले चित्र त्यांनी स्वतःच नापास केले असते. थकव्याचा तो पुरावा समजावा. दिवे तिसऱ्या दिवसाच्या दुपारी वाढतात. शिवाय काही विषय चित्राला दाद देत नाहीत. करार, हक्कांची मुदत, लेखक व चित्रकार यांच्यातली रॉयल्टीची वाटणी असल्या गोष्टी आकड्यांत लिहाव्यात. टक्केवारीची भाकरी काढून तिचे तुकडे रंगवत बसणारा पुढची अट हमखास चुकवतो.

स्मरणाशी संबंध

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ अॅलन पैव्हिओ यांनी १९७१ च्या ग्रंथात मांडले की शब्द आणि प्रतिमा मनात दोन वेगळ्या वाटांनी साठवल्या जातात. दोन्ही वाटांनी आलेली गोष्ट आठवायला सोपी. वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही शब्द लिहायला आणि काहींचे चित्र काढायला दिले, तेव्हा चित्र काढलेले शब्द अधिक आठवले. चित्रासाठी जेमतेम चार सेकंद दिले तरीही. चित्र सुंदर असण्याशी याचा संबंध आढळला नाही, हे चित्रकारांना फारसे रुचणार नाही. मात्र ते प्रयोग सुट्या शब्दांवरचे होते. तासभराच्या भाषणाला तोच नियम जसाच्या तसा लावता येत नाही.

संकेत आणि अडचणी

परिषदेत दाखवलेली चित्रे पुष्कळदा अप्रकाशित असतात. पडद्याचे छायाचित्र घेऊ नये, अशी सूचना त्यामुळे अनेकदा दिली जाते. वहीत त्या चित्राची नक्कल करणे हा छायाचित्राचाच सावकाश प्रकार. बौद्धिक संपदेच्या व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या नवव्या कलमाप्रमाणे कल्पनेवर कॉपीराइट नसतो, तिच्या अभिव्यक्तीवर असतो. म्हणून वक्त्याचा मुद्दा आपल्या चित्रात मांडणे वेगळे आणि त्याचा न छापलेला ससा कानांसकट उचलणे वेगळे.

याहून नाजूक गोष्ट अवतरणचिन्हांची. सहातला एकच शब्द हाती लागतो हे लक्षात घेतले, तर फुग्यातले वाक्य बव्हंशी चित्रकाराने जुळवलेले असते. वहीत ते चालते. पान स्कॅन होऊन पसरले की तेच वाक्य वक्त्याच्या तोंडी कायमचे चिकटते आणि त्याने ते म्हटलेलेच नसते. काळजी घेणारे लोक शब्दशः ऐकलेल्या वाक्यालाच अवतरणचिन्ह देतात, बाकीचे फुग्याबाहेर ठेवतात.

अॅपलची पेन्सिल २०१५ मध्ये आली तशी टॅब्लेटवर टिपणे घेणाऱ्यांची संख्या वाढली. रंग सोबत, पान पाठवणे सोपे, अंधारातही दिसते. पण पडद्याचा उजेड शेजाऱ्याच्या डोळ्यांवर येतो, आणि चुकलेली रेघ मागे घेण्याची सोय असल्यामुळे एकाच नाकावर तीन मिनिटे घालवण्याचा मोह होतो. तेवढ्यात वक्ता दोन मुद्दे पुढे गेलेला असतो.

जुन्या वह्या चाळताना एक गोष्ट मात्र जपून वाचावी लागते. भाषण रंगले असेल तिथली पाने घाईची असतात: अर्धे चेहरे, तुटके शब्द, एकमेकांवर चढलेले बाण. पुढच्या रांगेतल्या श्रोत्याची मान, वेणीचा पेड, खुर्चीच्या पाठीवर टाकलेला स्वेटर असे सगळे एकेका रेघेने निगुतीने काढलेले पान लागले, की त्या दिवशी वक्ता कंटाळवाणा होता असे समजावे. त्या माना आणि ते स्वेटर पुढे कधीतरी एखाद्या पुस्तकातल्या गर्दीत जाऊन बसतात.