गाडी न चालवणाऱ्याला सिग्नलवरच्या डुलकीबद्दल काय विचारणार?

झोपेची तक्रार घेऊन डॉक्टरकडे गेलं की बरेचदा आठ ओळींचा एक कागद हातात येतो. बसून वाचताना, टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसलेलं असताना डोळा लागण्याची शक्यता किती? प्रत्येक ओळीला 0 ते 3 गुण. बेरीज 10 च्या वर गेली तर दिवसाची झोप जास्त आहे असं धरतात. मेलबर्नच्या एपवर्थ हॉस्पिटलमधले डॉ. मरे जॉन्स यांनी ही मोजपट्टी 1991 मध्ये मांडली.

तिची आठवी ओळ अशी: गाडीत बसला आहात, रहदारीत गाडी काही मिनिटं थांबली आहे. डुलकी लागेल? टोकियोत रोज लोकलने कामावर जाणारा, स्टिअरिंगला कधी हात न लावलेला माणूस इथे काय लिहिणार? अनुभव नसेल तर कल्पना करा, असं सूचनेत आहे खरं. तरी पुष्कळांचा हात तिथे अडतो आणि जागा कोरी राहते. एक ओळ कोरी राहिली की बेरीज अडते, बाकीची सात उत्तरंही अडकून पडतात.

जपानी संशोधकांनी यावर काढलेला मार्ग मला फार आवडतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानी आवृत्तीत त्यांनी ती ओळच बदलली. तिच्या जागी आलं: बसून पत्र किंवा कागदपत्रं लिहिताना.

अर्थात मनाला येईल ती ओळ घालून चालत नाही. दुपारी आडवं पडल्यावर डोळा कुणाचाही लागेल. रहदारीत थांबल्या थांबल्या लागत असेल तर काळजीचं आहे. परीक्षेतल्या गणितांसारखी प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी असते. अवघड गणित काढून सोपं घातलं तर सगळ्यांचेच गुण वाढतील, आणि मग जपानी 11 आणि ऑस्ट्रेलियन 11 यांचा अर्थ एक राहणार नाही. ही पातळी आकड्यांनी तपासण्याची पद्धत संख्याशास्त्रात आहे. जपानी आवृत्ती तिच्याच आधारे बांधली गेली. शिवाय नेहमीच्या कसोट्या असतातच. स्लीप ॲप्नियाच्या, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याच्या आजाराच्या, रुग्णांचे गुण निरोगी माणसांपेक्षा जास्त यायला हवेत, उपचारांनंतर ते उतरायला हवेत.

शब्दांचा गुंता याहून नाजूक. जपानीत 'इनेमुरी' म्हणजे जागेवर हजर असताना झोपणं: लोकलमध्ये, वर्गात, कधी मीटिंगमध्येसुद्धा. तिथे ते बरंचसं समजून घेतलं जातं. 2014 मध्ये अमेरिकेत मांडल्या गेलेल्या, पुढे जपानीतही आलेल्या निद्रास्वास्थ्याच्या एका छोट्या प्रश्नावलीत विचारतात: दिवसभर न पेंगता जागे राहता का? लोकलमध्ये रोज वीस मिनिटं मान टाकणारा माणूस त्याला पेंगणं म्हणेल का? त्याला विचारल्याशिवाय हे कळणार नाही. म्हणून भाषांतर झालं की काही जणांसमोर बसून एकेक ओळ वाचतात आणि विचारतात, यातून तुम्हाला काय कळलं? माझ्या मते सगळ्या कामातली ही सर्वांत मोलाची पायरी.

आपल्याच भाषेत बघा. पेंगणाऱ्याला समोरचं बोलणं अर्धवट ऐकू येत असतं. डोळा लागला की हाक मारावी लागते.