डच शाळांचा तंटा आणि 1917 चा तह

नेदरलँड्समध्ये आज सुमारे दोन तृतीयांश प्राथमिक शाळा खासगी, मुख्यतः कॅथलिक आणि प्रोटेस्टंट संस्थांच्या आहेत आणि त्यांचा खर्च सरकारी शाळांप्रमाणेच राज्याच्या तिजोरीतून भागवला जातो. या व्यवस्थेचे श्रेय डच सहिष्णुतेला देण्याची प्रथा आहे. प्रत्यक्षात तिचा उगम परस्परांवरील अविश्वासात आहे.

1853 मध्ये रोमने, म्हणजे पोपने, नेदरलँड्समधील कॅथलिक बिशपांची पदे पुन्हा निर्माण केली, तेव्हा प्रोटेस्टंटांच्या संतापापुढे उदारमतवादी नेते टोरबेके यांचे सरकार टिकले नाही. पुढे 1878 मध्ये उदारमतवाद्यांनी शाळांच्या इमारती आणि शिक्षकांविषयीचे निकष कडक केले, पण धार्मिक शाळांना ते पाळण्यासाठी एक पैसाही दिला नाही. त्याविरुद्ध राजाकडे गेलेल्या प्रोटेस्टंट अर्जावर तीन लाखांहून अधिक सह्या होत्या, म्हणजे त्या काळच्या मर्यादित मताधिकारातील एकूण मतदारांपेक्षाही कितीतरी जास्त. राजाने कायद्यावर सही केलीच. परंतु सह्या गोळा करणारे जाळे विरले नाही. त्यातूनच शाळांसाठी दरवर्षी वर्गणी जमवणारी संघटना उभी राहिली आणि 1879 मध्ये कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंट धर्मोपदेशक अब्राहम कायपर यांचा, फ्रेंच राज्यक्रांतीच्या विचारांना विरोध करणारा, प्रतिक्रांतिवादी पक्ष स्थापन झाला. ज्यांना मत नव्हते, त्यांना सभा भरवणे, हिशेब ठेवणे आणि पदाधिकारी निवडणे चर्चच्या आश्रयाने शिकता आले, ही गोष्ट मला पक्षस्थापनेहूनही महत्त्वाची वाटते.

कॅथलिकांचे नेते, धर्मगुरू स्खापमान, यांच्याशी कायपर यांच्या कॅल्व्हिनपंथीयांनी केलेली युती शुद्ध व्यवहाराची होती. तिच्या सरकारने 1889 मध्ये धार्मिक शाळांना पहिले अनुदान दिले. 1917 च्या घटनादुरुस्तीत धार्मिक पक्षांना समान अनुदान, तर समाजवादी आणि उदारमतवाद्यांना सर्व पुरुषांचा मताधिकार मिळाला. प्रमाणशीर प्रतिनिधित्वही, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, त्याच वेळी आले.

त्यानंतर प्रत्येक पंथाची वृत्तपत्रे, कामगार संघटना, रुग्णालये आणि नभोवाणी संस्था वेगळ्या उभ्या राहिल्या. अशा प्रत्येक वेगळ्या विश्वाला 'स्तंभ' म्हणत, आणि समाजवाद्यांनीही आपला असाच स्तंभ उभारला. अनुयायी एकमेकांपासून दूर राहत आणि नेते वरच्या वर तडजोड करत. याची किंमतही मोठी होती: 1954 मध्ये बिशपांनी समाजवादी कामगार संघटनेत जाणाऱ्या कॅथलिकांना चर्चचे धार्मिक संस्कार नाकारण्याची ताकीद दिली.

साठच्या दशकात चर्चमधील उपस्थिती घसरू लागली आणि 1980 मध्ये तीन ख्रिस्ती पक्ष एकत्र आले. शाळांविषयीची तरतूद मात्र राज्यघटनेच्या 23 व्या कलमात कायम आहे आणि 1988 पासून तिच्याच आधारे मुस्लिम आणि हिंदू शाळाही चालतात.